बसत बसत आयर्लंड

आक्का, काल मी एकटीच रंकाळ्याची फेरी मारून आले. फार लवकर आले.

दारात चप्पल काढली तेव्हा तुमच्या धाकट्या दिरांनी, म्हणजे यांनी, गिरणीचा पट्टा नुकता चढवला होता. पहिल्याच दळणाचा डबा अजून भरत होता. आपण दोघी फिरून यायचो तेव्हा सकाळची सगळी दळणं उरकून ते चहाची वाट बघत उंबऱ्यावर बसलेले असायचे, भुवयांपर्यंत पिठानं पांढरे झालेले. काल त्यांनी मान वर केली आणि म्हणाले, "का गं, काय इसरलीस व्हय? माघारी आलीस ती?"

"न्हाई. झाली फेरी."

"पुरी?"

"पुरी."

ते पुन्हा दळणाकडं वळले. मी मोरीत जाऊन पाय धुवायला लागले आणि पाय धुता धुता तिथंच बसले. तांब्या हातात तसाच राहिला. त्या वेळी जे कळलं ते मी कुणालाही सांगू शकत नाही. म्हणून तुम्हालाच सांगते. चौथीची शाळा सुटल्यापासून एवढं लिहायची पाळी कधी आली नव्हती. तुम्ही असता तर म्हणाला असता, "लिव्ह की, शाईला काय भाडं पडतंय?"

तुमची सुजा नर्स होऊन आयर्लंडला गेली तेव्हा तुम्ही गल्लीभर पेढे वाटले, पण तो देश कुठं आहे हे तुम्हालाही माहीत नव्हतं. कुणी विचारलं की "विलायतेच्या शेजारी" एवढंच सांगायचात, जणू विलायत म्हणजे आपली पलीकडची गल्ली. मग ती म्हणाली, आई, काकी, दोघी या, महिनाभर राहा. दहा दिवसांत दहा गावं दाखवणारी सहल नको. तळ्याकाठच्या एका खेड्यात घर भाड्यानं घेते, मी सुट्टी काढते, आणि रोज थोडं थोडं चालू. इथली माणसं सुट्टीत हेच करतात. चालायला म्हणून येतात.

मला ते काही केल्या समजेना. आपण अंबाबाईला चालत जातो, मंडईला जातो, नवस असला तर जोतिबाचा डोंगर चढतो. पण चालायला म्हणून चालायचं? मी हळूच म्हटलं, "पण आक्का, जायचं कुठं?" गिरणीतून यांचा आवाज आला, "हितनं इमानानं जायाचं आणि तितं चालायचं? मग इमान कशाला, हितनंच चालत जावा की!"

तुम्ही हसला नाहीत. सुजानं पाठवलेले फोटो मांडीवर घेऊन बसला होतात. तुम्ही म्हणालात, "शालन, ह्या घरात आल्यापासनं रस्त्यावर पाय टाकला तो कामाला. दूध घाल, दळण पोचव, पोरीला शाळंत सोड. जन्मात एकदा तरी कुठं बी पोचायचं नसताना चालायचं हाय मला."

आपला हा वाद तसाच राहिला, आक्का. मला अजूनही पटलेलं नाही. कुठंतरी पोचायचं असल्याशिवाय माणसाचा पाय उचलत नाही असं मला वाटतं. पण तुमचा चेहरा त्या दिवशी असा होता की मी गप्प बसले.

सुजानं त्या गावाचा नकाशा काढून पाठवला होता. मला नकाशा कळत नाही म्हटल्यावर तुम्ही स्वयंपाकघरातली फरशी मोकळी केली आणि सगळं आयर्लंड मांडलंत. मोठी परात म्हणजे तळं. त्यात पाणीसुद्धा ओतलंत. उपडा टोप म्हणजे डोंगर, लाटणं म्हणजे जुना कालवा, चहाचा डबा म्हणजे आपलं घर. शेतांना तिकडं दगडाचे गडगे आहेत, मध्ये ना चुना ना माती, नुसता दगडावर दगड. त्याच्यासाठी काड्यापेटीतल्या काड्या. चवळीचे दाणे टाकून म्हणालात, "ही मेंढरं." मग सुपाऱ्यांचा डबा काढलात.

"ह्या कशाला?"

"ही बाकडी. बसायची. सुजीला फोनवर इचारून घेतलीत सगळी."

परातीच्या कडेनं सुपाऱ्याच सुपाऱ्या झाल्या. कालव्याच्या कडेला सुपाऱ्या. टोपाच्या अर्ध्यावर एक. मी म्हटलं, "आक्का, चालायला चाललोय का बसायला?" तुम्ही परातीतलं पाणी माझ्या तोंडावर उडवलंत.

तिथली माणसं दलदलीतली माती विटांसारखी कापून, वाळवून चुलीत जाळतात हे ऐकून तुम्ही म्हणालात, "म्हणजे शेण्याच की." एका विहिरीपाशी झाड आहे, त्याला लोक नवसाच्या चिंध्या बांधतात आणि विहिरीला फेऱ्या घालतात, हे ऐकल्यावर तर तुम्ही फोनवर ओरडून विचारलंत, "उजवीकडनं घालत्यात का डावीकडनं?" सुजा हसत म्हणाली, "आपल्यागतच, आई." मग तुमची खात्रीच पटली. रिसीव्हर ठेवून मला म्हणालात, "माणसं चांगली हायत. जाऊया."

तिकडं जाऊन फजिती नको म्हणून सवय इथंच करायची, हेही तुम्हीच ठरवलंत. सुजाच्या प्रत्येक वाटेला आपण इथली एक वाट जोडली. तळ्याची फेरी म्हणजे रंकाळा. कालव्याचा काठ म्हणजे पंचगंगेचा घाट ओलांडून पुढं नदीकडेनं. डोंगर म्हणजे पन्हाळा. आपण एसटीनं वर जायचो आणि तटाच्या कडेकडेनं चालायचो. डबा तोच, दशमी आणि शेंगदाण्याची चटणी, फडक्यात बांधून.

पन्हाळ्यावर त्या दिवशी धुकं किती होतं, आठवतं? खालची दरी दिसत नव्हती, फक्त कुणाच्या तरी म्हशींच्या घंटा ऐकू येत होत्या. तुम्ही तटावर बसलात ते उठेचनात. सहलीला आलेली शाळेची पोरं येऊन गेली, फोटो काढून गेली, धुकं उठलं, पुन्हा उतरलं. मी म्हटलं, "आक्का, सज्जा कोठीपर्यंत जायचं होतं न्हवं?" तुम्ही म्हणालात, "बस गं जरा. दमलीस तू. धुकं बघ की, सुजीच्या फोटोत असंच हाय." मी बसले. तुम्ही पदरानं तोंड पुसत होतात. मला वाटलं, धुक्यानं ओलं झालं असेल.

रंकाळ्यावर तर बसायच्या जागाच ठरून गेल्या. राजघाटाच्या पायऱ्या. पुढं संध्यामठाच्या समोरचा कठडा. शालिनी पॅलेसच्या अलीकडची झाडं. प्रत्येक ठिकाणी तेच वाक्य, "दमलीस की गं. बस जरा." आणि मी बसायची. भेळवाला ओळखीचा झाला होता. त्यानं एकदा विचारलं, "काय मावशी, नवस बोललाय काय? रोज फेरी चाललीया." नुसतं चालतोय म्हणून सांगितलं असतं तर त्याला कळलं नसतं. तुम्ही म्हणालात, "व्हय बाबा, नवसच हाय. आयर्लंडच्या देवीचा." त्यानं हात जोडले.

मी कधीच दमले नव्हते, आक्का.

मी गडमुडशिंगीची. लग्नाआधी वैरणीचा भारा डोक्यावर घेऊन मळ्यातून घरी यायची, वाटेत टेकायची नाही, कारण एकदा भारा खाली ठेवला की पुन्हा डोक्यावर द्यायला कुणी नसायचं. मला रंकाळ्याच्या सपाट रस्त्यानं काय दम लागणार? पण थोरल्या जावेनं दमलीस म्हटलं की मी दमले. या घरात आल्यापासून तसंच चालत आलं होतं. तुम्ही जेव म्हटलं की मला भूक लागायची. तुम्ही गप म्हटलं की माझा राग जायचा. ते मला कधी जाचलं नाही. जगाशी बोलायचं म्हटलं की मी कुणाच्या तरी पाठीमागं सरते हे तुम्ही पहिल्याच दिवशी ओळखलंत आणि तेव्हापासून माझं तोंड तुमच्याकडं राहिलं. दुकानात, लग्नकार्यात, पासपोर्टाच्या ऑफिसात. "ही बोलत न्हाई, मी सांगतो." किती वेळा ऐकलं असेल मी हे वाक्य. त्याच्या आडोशाला मी सुखात होते.

फक्त एकदा मला ते लागलं. तुम्ही फोनवर सुजाला सांगत होतात आणि मी समोर बसून लसूण सोलत होते.

"तुझ्या काकीला दम लागतोय गं. वरच्या मजल्याचं घर नको. चढाची वाट पहिल्या दिशी नको. एक दिवस चालायचं, एक दिवस बसायचं, असं कर. आणि बाकडी कुठं कुठं हायत ते सांग. काकीसाठी इचारतो."

मी मान हलवून नाही नाही म्हणत होते. तुम्ही हातानंच मला गप्प केलंत. फोन ठेवल्यावर मी सगळा धीर गोळा करून म्हटलं, "आक्का, मला कुठं दम लागतोय?"

"लागतोय. तुला कळत न्हाई."

"माझं मला कळत न्हाई?"

"न्हाई. मला कळतंय."

एवढ्या वर्षांत तुमच्याशी मी घातलेलं हे सगळ्यात मोठं भांडण. नंतर मी कितीतरी दिवस तोंड फुगवून होते, आणि माझं तोंड फुगलंय हे तुम्हाला कळलं असेल की नाही तेही मला ठाऊक नाही, कारण मी एरवीही गप्पच असते.

सुजा नर्स. ती काय स्वस्थ बसते? दर फोनला तिनं माझा दम काढला. काकी, डॉक्टरला दाखवा. काकी, छातीचं बघून घ्या, त्याशिवाय विमानात बसवणार नाही. शेवटी तुम्हीच मला घेऊन गेलात. दवाखान्यात मी डॉक्टरांच्या समोरच्या स्टुलावर आणि तुम्ही माझ्या पाठीशी उभ्या.

"काय होतंय?" त्यांनी मला विचारलं.

"ही बोलत न्हाई डॉक्टर, मी सांगतो. चढ लागला की छातीवर कुणी बसल्यागत होतंय हिला. डावा हात जड पडतोय. राती उताणं झोपता येत न्हाई, दोन उशा लागत्यात. कवा कवा डोळ्यापुढं काळं येतंय, मग टेकलं की जातंय."

मी वळून तुमच्याकडं बघतच राहिले. इतकं खोटं, आणि तेही न अडखळता! वाद जिंकायला आक्का कुठवर जातात, असं मनात आलं. डॉक्टरांनी नळी लावून बघितलं, मग आतल्या खोलीत झोपवून छातीला त्या वायरी चिकटवून पट्टी काढली. पट्टी हातात घेऊन ते म्हणाले, "हृदय उत्तम आहे यांचं. काळजीचं काही नाही. वयानं थोडा थकवा येतो. खुशाल जा परदेशी."

"म्हणजे काय न्हाई?"

"काही नाही."

"आन ते हात जड पडायचं?"

"पट्टीत काहीच दिसत नाही. मनात भीती असली की होतं असं." मग ते तुमच्याकडं बघून म्हणाले, "आलाच आहात तर तुमचंही बघू या का?"

"माझं काय बघताय? मी हिला घिऊन आलोय."

बाहेर आल्यावर तुम्ही केवढ्या खुशीत होतात. रिक्षा केली नाहीत, चालतच निघालात. मला हॉटेलात नेऊन मिसळ खायला घातलीत. मला म्हणालात, "बघ, काय न्हाई म्हणाला. नुसती भीती." मला वाटलं, तुम्ही माझ्यासाठी खूश आहात. मी मनातल्या मनात तुम्हाला माफसुद्धा केलं.

त्यानंतर सुजानं दोघींना बूट पाठवले. चिखलात चालायचे, जाड तळव्याचे. तुम्ही मोजे घालून, वर साडी थोडी उचलून, तालमीतून निघालेल्या पैलवानासारख्या शिवाजी पेठेतून चालत गेलात. गल्लीतली पोरं हसली तर म्हणालात, "हसा की, दातास्नी वारा लागंल." मी मात्र लाजेनं चप्पलच घातली. रोज वाद. "तितं चिखलात चप्पल सुटंल तुझी." "सुटू दे." "वढून काढायला मी येणार न्हाई." "नका येऊ." माझे बूट खोक्यातच राहिले.

त्या सकाळी मी तुम्हाला हाक मारायला आले तेव्हा तुम्ही खाटेच्या कडेला भिंतीला टेकून बसला होतात. एका पायात बूट होता. दुसरा मांडीवर. डोळे मिटलेले. आयुष्यात मी तुमची थट्टा कधी केली नव्हती. त्या दिवशी काय सुचलं कुणास ठाऊक, दारातूनच म्हटलं, "का आक्का, आज तुम्ही दमलात व्हय?"

तुम्ही उत्तर द्याल, हे मला जवळ जाईपर्यंत नक्की वाटत होतं.

सुजा आली ती तिसऱ्या दिवशी, राख सावडायला. ती रडली नाही. घरात नुसती हिंडत होती, तुमच्या वस्तू उचलून पुन्हा तिथंच ठेवत होती. तुमचे बूट तिनं पालथे करून बघितले. तळ झिजले होते. एवढ्या थोड्या दिवसांत किती चाललात, असं तिला वाटलं असेल.

तेराव्यानंतर निघायच्या दिवशी ती माझ्याजवळ येऊन बसली. आवाज अगदी खाली होता.

"काकी, तुम्ही रोज आईबरोबर होता. तिला काय होत होतं का? दम, छातीत दुखणं, काय पण?"

"न्हाई बाई. काय न्हाई. अचानकच झालं."

"नक्की?"

"नक्की."

"मी रोज परक्या म्हाताऱ्यांची नाडी बघते काकी. त्यांनी नुसता श्वास घेतला तरी मला कळतं काय बिनसलंय. आईशी दर रविवारी बोलत होते. तिला काय होत असतं आणि मला कळलं नसतं, तर मग मी ती नोकरी करायच्या लायकीचीच न्हवे."

मी तिचा हात धरला. तेव्हा मी तिच्याशी खोटं बोलले नव्हते, आक्का. मला खरंच माहीत नव्हतं. जाताना ती म्हणाली, तिकीट तसंच राहू दे, घर घेतलेलं आहे, तुम्ही तरी या, विचार करून सांगा. मी होही म्हटलं नाही आणि नाहीही. माझ्या वतीनं बोलणारं माणूस तिथं नव्हतं.

आणि मग काल.

काल घरात बसवेना म्हणून मी उठले आणि पाय आपोआप रंकाळ्याकडं वळले. राजघाट आला. तिथं थांबावं असं मनात आलं, पण पायांना थांबायचं नव्हतं. संध्यामठाचा कठडा मागं पडला. झाडं मागं पडली. भेळवाल्यानं अजून गाडा उघडला नव्हता. मी चालतच राहिले, कपाळाला घाम नाही, छाती भरून आलेली नाही, आणि बघते तो फेरी संपली. मला वाटलं, कुठंतरी वाट चुकले, मधला तुकडा राहिला. मागं वळून बघितलं तर सगळं तळं तिथंच होतं.

मोरीत पाय धुताना एकेक गोष्ट आपल्या जागी येऊन बसली. परातीभोवतीच्या सुपाऱ्या. पन्हाळ्यावर पदरानं पुसलेलं तोंड. एक दिवस चालायचं, एक दिवस बसायचं. खालच्या मजल्याचं घर. आणि त्या डॉक्टरांपुढं तुम्ही जे बोललात ते. छातीवर कुणी बसल्यागत. डावा हात. दोन उशा. ते खोटं नव्हतंच. ते सगळं तुमचं होतं. तुमचं दुखणं तुम्ही माझ्या नावानं सांगितलंत आणि माझ्या छातीची पट्टी काढून घेतलीत, आणि डॉक्टर काही नाही म्हणाले ते स्वतःच्या पदरात बांधून मिसळ खाल्लीत. एकीचं दुखणं, दुसरीची तपासणी. असं कुणी करतं का हो, आक्का?

काल मला तुमचा फार राग आला. तांब्या आपटला मी. हे गिरणीतून धावत आले. म्हटलं, हातातून निसटला.

मला सांगायला काय झालं होतं? मी कुणाला बोलले असते? मी तर बोलतच नाही. पण मग आठवलं, तुम्ही मला सांगितलं असतं तर मी त्या दवाखान्याच्या स्टुलावरून उठून तुम्हाला तिथं बसवलं असतं. तेवढं मी केलं असतं. आणि डॉक्टरांनी सुजाला कळवलं असतं, आणि सुजानं तिकीट रद्द केलं असतं. हे तुम्हाला माहीत होतं. तुम्हाला ते गाव हवं होतं. कुठं न पोचता चालायचं होतं. त्याच्यासाठी तुम्ही मला दमेकरी केलंत. आणि दर पायरीला मला दमलीस म्हणून बसवलंत तेव्हा तुमचा हात माझ्या खांद्यावर असायचा. मला वाटायचं, तुम्ही मला बसवताय. तुम्ही तर आधार घेत होतात.

राग गेलेला नाही. पण काल संध्याकाळी भाकरी थापताना माझ्या खांद्याला तो हात नाही हे मला पहिल्यांदा जाणवलं, आणि भाकरी करपली.

आज सकाळी सुजाचा फोन आला. रविवार. तिनं विचारलं, "काकी, काय ठरवलं?"

मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. तुम्ही गेल्यापासून या घरात फोनवर बोलायचं काम माझ्याकडं आलंय. माझ्या मनात होतं की सांगून टाकावं, मला नाही जमायचं, तिकीट रद्द कर. तेच सोपं होतं. तोंडात शब्द आले होते. तेवढ्यात ती म्हणाली, "मी तुमच्यासाठी सगळं सपाटीचं बघितलंय. पण एक विचारू? आईनं मला तुमच्या दमाचं इतकं सांगितलं होतं, आणि मी तिकडं होते तेव्हा तुम्ही पाण्याच्या बादल्या भरून जिना चढत होता. मी नुसती बघत होते. तुम्हाला दम लागलेला दिसला न्हाई मला."

ती नर्स आहे, आक्का. तुम्ही विसरलात. तिच्या डोळ्यांना दिसतं. एक धागा तिच्या हाताला लागला आहे आणि तो ओढला की सगळं उसवणार. एक दिवस चालायचं एक दिवस बसायचं हे कुणासाठी होतं, बाकडी कुणासाठी विचारली, दर रविवारी तिच्याशी कोण कुणाचं दुखणं बोलत होतं. मग ती पोर ती नोकरी करेल का? दुसऱ्याच्या आईच्या मनगटावर बोटं ठेवताना तिला काय वाटेल?

मागं बघितलं. ही बोलत न्हाई, मी सांगतो, असं म्हणणारं कुणी नव्हतं. नुसती गिरणीची घरघर.

मी म्हटलं, "बाई, घरात चढते गं तेवढं, सवयीचा जिना हाय. पण रस्त्याला लागलं की छातीवर कुणी बसल्यागत होतंय. डावा हात जड पडतोय. तुझ्या आईला सगळं ठावं होतं. ती हुती म्हणून मी चालायची. दर ठिकाणी मला बसवायची."

मग तिचं नाक ओढलेलं ऐकू आलं. म्हणाली, "मग कशा येणार तुम्ही?"

"येतो की," मी म्हटलं. "बसत बसत येतो."

रिसीव्हर ठेवला तेव्हा हे दारात उभे होते. सगळं ऐकलं असणार. पिठाचे हात तसेच. मला म्हणाले, "तुला कवापासनं व्हायला लागलंय हे?" मी पदरानं फोन पुसत राहिले. त्यांनी जरा वेळ माझ्याकडं बघितलं, मग भिंतीवरच्या तुमच्या फोटोकडं बघितलं, आणि गिरणीत गेले. त्यांना काय कळलं ते मी विचारणार नाही.

तुम्हाला जे चालायचं होतं ते आता मला चालावं लागणार. तेही पोचायचं नसताना नव्हे. मला पोचायचं आहे, एका बाकड्यापासून दुसऱ्या बाकड्यापर्यंत, दमलेल्या बाईसारखं. हा वाद मात्र मी जिंकले, आक्का, पण कुणाला सांगू?

दुपारी दार लावून घेतलं आणि खोक्यातले बूट घालून बघितले. बरोबर बसले. सुपाऱ्यांचा डबाही काढला. पूजेला जोडीचं माणूस नसलं की त्याच्या जागी सुपारी लावून बसतात, तशी एक मी पदराच्या गाठीत बांधून नेणार आहे. कुणाला दिसणार नाही.

तळ्याच्या कडेला पहिलं बाकडं आलं की मी हळू होईन. हात छातीवर नेईन. धुकं असेल, मेंढरं असतील. मला पुढं चालत राहावंसं वाटेल, कारण माझे पाय तसलेच आहेत. सुजा माझा दंड धरेल आणि विचारेल, "काकी, दमलात?"

मी म्हणेन, व्हय.